एकेकानंच ओलांडायचं

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या मराठी मंडळींत सुलेखाबद्दल दोन मतं होती आणि गंमत म्हणजे दोन्ही मतं त्याच माणसांची असायची. डोंगरात जायचं ठरलं की सगळे म्हणायचे, "सुलेखाला विचारा, तिला सगळं माहीत असतं." आणि परतताना गाडीत तेच लोक कुजबुजायचे, "पुढच्या वेळी हिला नको, फार किरकिर करते." किरकिर ती करायचीच, उगाच झाकायचं कशाला? ढग आले, वळू या. ऊन तापलं, वळू या. शिखर हाकेच्या अंतरावर असताना पाठ फिरवणारी बाई कुणाला आवडेल! पण तिचा धंदाच तसा होता. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती टेस्टिंगला होती. लोखंडाचा दांडा यंत्रात अडकवायचा आणि तो मोडेपर्यंत हलवत राहायचं. कालपर्यंत धडधाकट असलेलं लोखंड आज अचानक मोडताना जिनं रोज पाहिलंय, तिला 'सकाळी तर ठीक होतं की' हे सांगून काय उपयोग?

तिला डोंगर शिकवला तो मात्र सासऱ्यांनी. दिनकर, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, आठवडाभर पुण्यातल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आणि शनिवार-रविवार सह्याद्रीत. कॉलेजात असताना सुलेखा त्यांच्या ग्रुपबरोबर रतनगडाला गेली, तिथेच तिला मल्हार भेटला, आणि लग्न होऊन दोघं जर्मनीला आली. अण्णांच्या ट्रेकला एकच नियम होता: साखळी तुटता कामा नये. अवघड जागा आली की सगळ्यांनी जवळ यायचं, पुढच्यानं मागच्याला हात द्यायचा, शेवटचा माणूस येईपर्यंत पहिल्यानं हलायचं नाही. तरुणपणी त्यांचा एक मित्र धुक्यात मागे राहिला होता. दुसऱ्या दिवशी सापडला, जिवंत, पण पाय कायमचा गेला. त्यानंतर अण्णांनी एकाही माणसाला मागे ठेवलं नव्हतं आणि हे ते वरचेवर सांगत. सांगण्याचा त्यांना हक्क होता. सह्याद्रीत हा नियम सोन्यासारखा आहे, कारण तिथे कडा जागेवर असतो आणि माणूस घसरतो.

आल्प्समध्ये वसंत ऋतूत डोंगरच घसरतो. सुलेखा हे इथल्या गिर्यारोहण संघाच्या शिबिरात शिकली होती. उतारावर गवत असेल तर त्यावरचा बर्फ खालून ओला होतो, आणि उन्हानं जड झाला की सगळाच्या सगळा घरंगळतो. त्याआधी वर एक भेग पडते, वाकडी, काळपट. तिला इथले लोक माशाचं तोंड म्हणतात. ते तोंड दिसलं की त्याच्याखाली थांबायचं नाही. जमलं तर जायचंच नाही, जावंच लागलं तर एकेकानं. शिबिरातल्या दाढीवाल्या मास्तरांनी कारणही सांगितलं होतं, तेही कसलाही आडपडदा न ठेवता: एक गाडला गेला तर उरलेले खणू शकतात, सगळे गाडले गेले तर कोण खणणार?

मल्हारनं ते शिबिर केलं नव्हतं. "तू केलंस ना, मग झालं," हे त्याचं म्हणणं. मल्हार माणूस चांगला, पण बायकोनं शिकलेलं आपल्यालाही आपोआप येतं, असं मानणाऱ्या नवऱ्यांपैकी एक.

ते २०१९ साल. जानेवारीत बव्हेरियात इतका बर्फ पडला होता की लोक घरांची छपरं फावड्यानं मोकळी करत होते. एप्रिलमध्ये अण्णा आणि सासूबाई, सरलाताई, नातीला भेटायला आले तेव्हा इंगोलश्टाटमध्ये ट्यूलिप फुलले होते, पण डोंगर अजून पांढरेच होते. अण्णांना बर्फावर चालायचं होतं. दर रविवारी पाऊस आडवा आला आणि बघता बघता परतीच्या विमानाआधीचा शेवटचा रविवार उरला.

आदल्या संध्याकाळी सुलेखानं लागेबेरिश्ट वाचलं. हिमप्रपाताचा धोका कुठे किती ते सांगणारं सरकारी पत्रक ते. उन्हाकडच्या गवताळ उतारांवर भेगा, रात्री ढगाळ हवा, दिवसा धोका चढता.

"रात्री आकाश मोकळं असलं तरच बर्फ गोठतो," ती स्वयंपाकघरात मल्हारला म्हणाली. "ढग असले की डोंगरावर गोधडी घातल्यासारखं होतं. उद्या नको जाऊ या."

"अगं, अण्णा बुधवारी चाललेत. परत कधी येतील, येतील की नाही, कुणास ठाऊक! तू सांगतेस का त्यांना?"

ती नाही सांगू शकली. ज्या माणसानं आपल्याला रतनगडाच्या शिडीवर पहिला पाय टाकायला शिकवलं, त्याला 'डोंगरात नको' कसं म्हणायचं? "पहाटे निघायचं आणि दुपारच्या आत खाली यायचं," एवढंच ती म्हणाली. तिला स्वतःचाच राग आला, पण राग येऊन गप्प बसण्याची कला आपल्याकडे सुनांना वेगळी शिकवावी लागत नाही.

पहाटे कसली निघतात! अण्णांची आंघोळ, अण्णांची पूजा, सरलाताईंच्या दशम्या आणि लसणाची चटणी. "अहो, ते मफलर घ्या," हे तीनदा. सरलाताई नातीपाशी घरीच थांबणार होत्या. शेवटी ती नात, सुलेखाची उर्जा, डोळे चोळत दारात आली. "मामा, व्हान कॉम्ट ईअर त्सुऱ्युक?" मामा म्हणजे जर्मनमध्ये आई. तुम्ही कधी परत येणार, एवढंच तिला विचारायचं होतं.

"जेवायच्या वेळेला," सुलेखा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की ते शक्य नाही.

श्लियरझे गावाच्या पुढे एका दरीत गाडी लावली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सुलेखानं तिघांच्या छातीवर बीकन बांधले. बर्फाखाली गाडलं गेलं तर माणूस कुठे आहे ते हे यंत्र दुसऱ्याच्या यंत्राला सांगतं. पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई. पायांत रुंद स्नोशूज. अण्णा खुशीत होते. पंच्याहत्तरीकडे झुकलेला माणूस, पण चाल अशी की मल्हारला धाप लागली.

जंगल संपलं आणि वाट त्या उतारावर आली. एका बाजूला देवदारांची दाट रांग, पलीकडे तशीच दुसरी रांग, आणि मधे झाड नाही, झुडूप नाही, नुसता पांढरा, वरून खालपर्यंत ओतल्यासारखा उतार. झाडं का नाहीत, हा प्रश्न डोंगरात प्रत्येकानं स्वतःला विचारावा. सुलेखानं वर पाहिलं. भेग होती. बारीक, भुवईएवढी.

"एकेकानं जायचं," ती म्हणाली. "मधे थांबायचं नाही."

"एकेकानं?" अण्णा हसले. "अगं, धोका असेल तर एकत्र जायला हवं. एकट्याला पुढे पाठवायचं म्हणजे त्याला मरायला सोडायचं का?"

"नाही अण्णा. उरलेले खणायला हवेत म्हणून."

अण्णांना ते आवडलं नाही. कुणालाही आवडणार नाही. पण ते गेले, एकटे गेले, आणि पलीकडे पोचून म्हणाले, "हे बघ, काही झालं नाही." खरंच काही झालं नव्हतं. वरचा पापुद्रा अजून थोडा कडक होता, तिघंही वरच्यावर तरून गेली. आणि नेमकं तेच पुढे नडलं, कारण आता त्या उतारानं अण्णांच्या बाजूनं साक्ष दिली होती.

वरच्या ह्युट्टंवर, म्हणजे डोंगरातल्या त्या लाकडी उपाहारगृहात, बाकांवर लोक सदरे काढून उन्हात बसले होते. अण्णांनी डबा उघडला. बाहेरचं खाणं इथे चालत नाही, पण चटणीचा वास सुटला आणि मालकीणबाई काही बोलल्याच नाहीत. फोटो झाले. अण्णांनी शिवाजी महाराजांचा जयजयकार केला, तेव्हा मल्हार दचकून वर बघू लागला. "आवाजानं काही होत नाही, ते सिनेमात," सुलेखा म्हणाली. "ऊन बघ. उन्हानं होतं. चला आता." मग मल्हारला ऑफिसचा फोन आला. अण्णा म्हणाले, त्याचं होऊ दे, सगळे बरोबरच निघू. छपरावरचा बर्फ थेंब थेंब गळत होता, मग धार लागली, मग एक मोठा तुकडा धप्पकन अंगणात पडला आणि लोक हसले. सुलेखा हसली नाही. ती स्नोशूज बांधू लागली.

तिघं परत उताराशी आली तेव्हा बर्फाची साबुदाण्याची खिचडी झाली होती. स्नोशूज घालूनही पाय घोट्याच्या वर रुतत होता. वरून बर्फाचे छोटे गोळे आपसूक घरंगळत येत होते, मागे ओळी काढत. आणि भेग आता भुवई राहिली नव्हती. आतलं ओलं, तपकिरी गवत दिसत होतं.

"आपण परत ह्युट्टंवर जाऊ या," सुलेखा म्हणाली. "रात्र तिथे काढू. उद्या पहाटे गोठलं तर उतरू."

"उद्या माझं प्रेझेंटेशन आहे," मल्हार म्हणाला.

"आणि उर्जा? आणि ही?" ही म्हणजे सरलाताई. "सकाळी इथूनच गेलो ना आपण?" अण्णा म्हणाले.

तिनं नाही म्हणायला हवं होतं. जमिनीवर बसून राहायला हवं होतं, भांडायला हवं होतं, काहीही. तिनं तिसऱ्यांदा मान तुकवली. माणूस डोंगराला भितो त्याहून जास्त आपल्या माणसांच्या नाराजीला भितो, आणि यात सुलेखा काही वेगळी नव्हती.

"मी आधी जाते आणि पलीकडून वर लक्ष ठेवते," ती म्हणाली. "मग मल्हार. मल्हार माझ्यापाशी पोचला की मगच अण्णा तुम्ही. कुणीही मधे थांबायचं नाही. शप्पथ आहे तुम्हाला."

ती गेली. प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागत होतं. वर बघायचं नाही असं ठरवूनही दोनदा बघितलं. ती पलीकडच्या देवदारांत पोचली. तिनं हात वर केला आणि मल्हार निघाला.

तो मध्यावर आला असेल, इतक्यात अण्णा पलीकडून ओरडले, "मल्हार, माझा पट्टा सुटला रे!" मदतीसाठी नाही, सहज, ट्रेकला सांगतात तसं. आणि मल्हारनं जे आयुष्यभर केलं तेच केलं. तो थांबला. मागे वळला. "सावकाश बांधा अण्णा, मी थांबलोय."

"मल्हार, चल!" सुलेखा किंचाळली.

"अगं, त्यांना येऊ दे ना!"

आणि पोरगा आपल्यासाठी थांबलाय म्हटल्यावर बाप कशाला पलीकडे राहतो? अण्णांनी स्नोशूचा पट्टा कसाबसा अडकवला आणि उतारावर पाय टाकला. मल्हारनं हात पुढे केला. साखळी जुळत होती, बरोब्बर त्या तोंडाखाली.

सुलेखानं वर पाहिलं. भेगेची खालची कड हलली. आधी तिला भास वाटला. मग त्या कडेवरून मूठभर माती सांडली.

मल्हारला हाका मारून उपयोग नव्हता, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. बाप येत असेपर्यंत तो हलणार नाही. तिनं सगळा जीव घशात आणला.

"अण्णा, मागे फिरा! झाडांत जा! तुम्ही येताय म्हणून तो थांबलाय! आम्ही तुम्हाला सोडून जातोय, अण्णा, ऐकू येतंय का? सोडून जातोय!"

अण्णा थबकले. त्यांनी मल्हारकडे पाहिलं, मग सुलेखाकडे. क्षणभर नुसते पाहत राहिले. मग वळले. पाय ओढत, एका पायात लोंबणारा स्नोशू घेऊन, ते मागे झाडांकडे गेले, आणि खोडाला धरून त्या जुन्या, दरी भरून टाकणाऱ्या आवाजात गरजले, "मल्हार! पुढे हो! माझ्यासाठी थांबायचं नाही!"

मल्हार निघाला. दहा-बारा पावलं टाकली असतील, तोच वर काहीतरी फाटलं. आवाज मोठा नव्हता, जाड कापड फाडावं तसा. मग सगळा उतार एकदम चालू लागला. पळाला नाही, चालू लागला, जड, ओला, करकरत, आणि मल्हार त्याच्या कडेला होता. त्यानं उडी मारली. बर्फानं त्याचे पाय धरले, त्याला आडवा केला, खाली ओढला. सुलेखाच्या मांड्यांपर्यंत लोंढा आला आणि तीही पडली. एक फांदी हाताला लागली, ती तिनं सोडली नाही.

मग शांत झालं. ती शांतता तिला पुढे वर्षानुवर्षं स्वप्नात ऐकू यायची.

थोडं खाली, देवदारांच्या बुंध्यांशी, बर्फातून एक हात आणि एक टोपी दिसत होती. ती घसरत, गडगडत गेली. चेहऱ्यावरचा बर्फ हातांनी ओरबाडला. मल्हारनं श्वास ओढला तो असा की तिला रडू फुटलं. तो छातीपर्यंत गच्च रुतला होता. ओला बर्फ थांबला की सिमेंट होतो. ती फावड्यानं खणत राहिली, मधेच त्याच्या गालाला हात लावून बघत राहिली आणि शिव्या देत राहिली, आईवरून, बापावरून, बाप पलीकडेच उभा आहे हे विसरून.

"सुलेखा!" पलीकडून आवाज आला. अण्णांना झाडांमुळे काही दिसत नव्हतं. "सुलेखा, मल्हार?"

"आहे! जिवंत आहे, अण्णा!"

पलीकडून एक हुंदका आला, इतक्या लांबून ऐकू येईल एवढा मोठा.

मल्हारचा गुडघा सुजला होता, कपडे चिंब झाले होते, ओठ निळे पडत होते. तिनं आपत्कालीन नंबर लावला. पलीकडच्या बाईनं पहिला प्रश्न विचारला, कुणी बेपत्ता आहे का. "नाही," सुलेखा म्हणाली. "पण एक जण पलीकडे अडकलाय." भेगेच्या बाजूला अजून अर्धा उतार तसाच लटकत होता. तो ओलांडायचा प्रश्नच नव्हता. डोंगरी बचाव पथक, बेर्गवाख्त, वरच्या अंगानं अण्णांकडे येणार होतं, पण वेळ लागणार होता. जखमीला घेऊन तुम्ही खालच्या जंगलरस्त्यावर या, त्याला गारठू देऊ नका, असं बाईनं बजावलं.

"अण्णा, तिथेच बसा! हलू नका! लोक येताहेत तुमच्यासाठी!" ती ओरडली. मग पुढचं. "आम्ही खाली जातोय!"

"जा!" अण्णा म्हणाले. नुसतं जा.

झाडांमधून त्यांचं केशरी जाकीट दिसत होतं. मल्हार तिच्या खांद्यावर रेलून उतरताना सारखा मागे बघत होता आणि मुलासारखा रडत होता. सुलेखानं एकदाही मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय उचलला नसता.

दरीतल्या बेर्गवाख्तच्या खोलीत अण्णांना आणलं तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं. त्यांच्या अंगावर चांदीच्या कागदासारखं पांघरूण होतं. मल्हार पाय बांधून बाकावर बसला होता. त्यांनी आधी मल्हारच्या डोक्यावरून हात फिरवला, मग त्याच्याशेजारी टेकले. कुणीतरी तिघांना गरम चहा दिला. मल्हारनं आदल्या संध्याकाळचं स्वयंपाकघरातलं बोलणं त्यांना सांगून टाकलं.

"सुलेखा," अण्णा म्हणाले, "मी फिरलो नसतो, आणि आम्ही दोघंही गेलो असतो, तर तू आली असतीस आम्हाला ओढायला?"

मल्हारनं वर पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं. असल्या वेळी सगळे बोलतात आणि कुणी मनावर घेत नाही. पण त्या दिवशी तिच्यात गोड बोलण्याचं त्राण उरलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "वरचा अर्धा बर्फ लटकत असताना मी आले नसते, अण्णा. फोन केला असता आणि झाडांत उभी राहिले असते. घरी उर्जा आहे."

मल्हारनं कप खाली ठेवला. ती त्याच्याकडे बघू शकली नाही.

"तसंच करायला हवं," अण्णा म्हणाले. "पण तू केलं नव्हतंस."

"म्हणजे?"

"तू ओरडत होतीस तेव्हा झाडांत नव्हतीस. उतारावर होतीस. आमच्याकडे येत होतीस. तुला कळलंही नसेल. मला तिकडून दिसत होतं." त्यांनी पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं. "तू ओरडलीस म्हणून नाही फिरलो मी. तीन माणसं त्या बर्फाखाली येणार आणि माझ्या नातीला कुणीच उरणार नाही, हे दिसलं म्हणून फिरलो."

सुलेखाला आठवेना. ती झाडांपाशीच होती, तिला पक्कं ठाऊक होतं. मग तिला तिच्या मांड्यांपर्यंत आलेला बर्फ आठवला. झाडांत असती तर तो तिच्यापर्यंत पोचलाच नसता.

"तिथे उभं राहिलं की कुणालाच काही सुचत नाही," अण्णा म्हणाले. "मलाही नाही, तुलाही नाही. म्हणून ते काल तुझ्या स्वयंपाकघरातच ठरवायला हवं होतं. तू ठरवलं होतंस. मला सांगायला का भ्यालीस, पोरी? मी काय तुला खाल्लं असतं?"

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि दिवसभर धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. बाहेर बेर्गवाख्तची माणसं दोर गुंडाळत होती. तेवढ्यात फोन वाजला. घरून होता, आणि उचलल्यावर काय सांगायचं ते तिघांनाही ठाऊक नव्हतं.